पाहुण्यांच्या बाजूला

लहानपणी बाबांबरोबर मी पहिल्यांदा मैदानावर गेले, त्या दिवशी आमच्या गावाचा पोर्तोसेक्को फुटबॉल क्लब पाच गोलांनी आपटला. नवी नवरी म्हणून गेले, तर आमच्या गोलकीपरचा पाय मोडला. पुढे बाळाला घेऊन गेले, तो सामना हरून आम्ही साखळीच्या खालच्या वर्गात घसरलो. झालं! गावाने मला पांढऱ्या पायाची ठरवली. मी दिसले की मासेवालासुद्धा तराजूच्या लोखंडाला हात लावायचा, अपशकुन टळावा म्हणून. मेल्याच्या शिळ्या माशांना कुठलं लोखंड पुरणार होतं?

पण क्लब माझाही होता ना! मैदानाच्या भिंतीला लागूनच आमचं घर. टोमॅटो शिजवता शिजवता मी नुसत्या आरोळीवरून ओळखायचे, गोल आमचा की त्यांचा. नवरा दोनातो घरी येऊन रंगवून सांगायला लागला की मीच त्याच्या चुका काढायची. बघायला मात्र मिळत नव्हतं. आमची पोरं जिंकताना एकदा आपल्या डोळ्यांनी बघावीत, एवढीच हौस होती.

गेल्या मे महिन्यात मोंतेरीवा क्लबशी मोसमातला शेवटचा सामना होता. जिंकलो तर वरच्या वर्गात, नाहीतर आहोत तिथेच. मध्यंतराला आम्ही एका गोलाने मागे. तेवढ्यात माझा धाकटा भाऊ साव्हेरिओ धापा टाकत स्वयंपाकघरात शिरला.

“ताई, चल मैदानावर!”

“शुद्धीवर आहेस ना? मला बघून लोक दगड मारतील.”

“आपल्यात नाही गं, मोंतेरीवावाल्यांच्यात बसायचं. तुझा पायगुण त्यांना लागू दे!”

असा संताप आला म्हणून सांगू! कढईसकट त्याला बाहेर काढणार होते. पण पायांत चपला कधी सरकवल्या, माझं मलाच कळलं नाही.

फाटकाशी दोनातो मोंतेरीवाचा निळा मफलर घेऊन उभा होता. माझ्याकडे न बघताच म्हणाला, “त्यांच्या नावाने ओरड. मनापासून हं, नाहीतर लागू पडत नाही.”

“घरी ये, मग बघते तुझ्याकडे!”

मोंतेरीवाच्या एका जाडजूड आजींनी सरकून जागा दिली, वर भाजलेले चणेही दिले. मी घसा ताणून “मोंतेरीवा!” म्हणून ओरडले, आणि समोर आमच्या क्लबच्या एका पोराने गोल मारला. आनंदाने रडू फुटलं. मफलर तोंडात कोंबला.

“रडू नका हो,” आजी पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “होईल नीट.”

खेळ संपता संपता आमचा दुसरा गोल झाला. शिट्टी वाजली. पलीकडे आमची गॅलरी नाचत होती, आणि मी आपली निळ्या लोकांचं सांत्वन करत बसलेली!

साव्हेरिओ कुंपणापाशी धावत आला. “ताई, कमाल केलीस! पुढच्या वर्षीही तुझी जागा इथेच पक्की!”

मी मफलर आजींच्या हातात दिला आणि तरातरा मैदान ओलांडून आमच्या गॅलरीसमोर उभी राहिले. गाणं थांबलं.

“ऐका रे! यापुढे मी इथे बसणार, तुमच्यात. हरलात तर हरा. माझाही क्लब आहे!”

मग दोनातो सरकला आणि बाकावरची जागा त्याने बाहीने पुसली.

नव्या मोसमाचा पहिलाच सामना आम्ही तीन गोलांनी हरलो. ओरडून ओरडून माझा आवाज बसला. “ऊठ” असं मात्र कोणी म्हणालं नाही.