मोकळ्या मात्रा

तालीम संपली, वादक वाद्यं पेट्यांत ठेवू लागले, तरी अलॉन्झो टिडवेल मागच्या रांगेतल्या खुर्चीतून उठला नाही. वयाची शहात्तरी गाठली होती आणि आज ती सगळी गुडघ्यांत उतरली होती. वाद्यवृंदाचे संचालक हॅल्व्होर्सन मंचावरून खाली येऊन त्याच्याजवळ बसले.

"टिडवेलसाहेब, रचना सुंदर आहे. पण या मोकळ्या मात्रांचं काय करायचं? चेलो एक ओळ वाजवतो, मग सगळे गप्प. पुन्हा एक ओळ, पुन्हा गप्प. माझी माणसं एकमेकांची तोंडं बघत बसतात."

"त्या जागा उत्तराच्या आहेत."

"कोणाच्या उत्तराच्या?"

अलॉन्झोला सांगायचाही कंटाळा आला होता. त्याचे वडील शिकागोच्या दक्षिण भागातल्या एका छोट्या चर्चमध्ये रेव्हरंड होते. त्यांचं प्रवचन बोलण्यात सुरू व्हायचं आणि गाण्यात संपायचं. त्यांनी ओळ म्हणावी आणि बाकांवरून 'हो, प्रभू!', 'सांगा, रेव्हरंड!' असं उत्तर यावं. ही रचना म्हणजे तेच प्रवचन होतं. चेलो म्हणजे बाबा.

"उत्तर ऐकणाऱ्यांनी मनातल्या मनात द्यायचं," तो म्हणाला.

"आमचे श्रोते मोकळी जागा दिसली की खोकतात." हॅल्व्होर्सन हसले, मग जरा मऊ आवाजात म्हणाले, "सोमवारी सकाळी शेवटची तालीम. तोवर दुसरं काही सुचलं तर आणा. नाहीतर त्या मात्रा मी कापतो."

बसच्या खिडकीला डोकं टेकून अलॉन्झो घरी निघाला. तरुणपणी एकेका सुरासाठी तो अशा संचालकांशी हमरीतुमरीवर यायचा. आता वाटत होतं, कापा म्हणावं आणि झोपून जावं. पण मात्रा कापल्या तर बाबा ओळीमागून ओळ गात सुटणार आणि उत्तर कोणीच देणार नाही, जसं रिकाम्या चर्चमध्ये कोणी एकटंच प्रवचन करत बसावं. आणि दुसरी रचना लिहायचं बळ आता अंगात नव्हतं. बाबांचा आवाज मागे राहणार असेल तर तो याच रचनेत.

रविवारी सकाळी थोरली बहीण व्हर्लीन दारात उभी. चर्चमधल्या सेवेचा पांढरा झगा, पांढरे हातमोजे, पांढरी टोपी.

"टाय सरळ कर. देवाच्या दारी निघालायस, दवाखान्यात नाही."

"ताई, आज नको गं. अंगात त्राण नाही."

"मग काय एकदम शवपेटीतूनच येणार चर्चला? मला नाही उचलवणार. माझी पाठ धरलीय."

टाय सरळ करत तो निघाला.

चर्चमध्ये बायकांच्या हातातले कागदी पंखे हलत होते. बाबांच्या जागी आता रेव्हरंड स्टॅम्प्स उभे राहायचे. त्यांनी हळू आवाजात, शेजाऱ्याशी बोलावं तसं प्रवचन सुरू केलं आणि अलॉन्झोचे डोळे मिटले. रेव्हरंडांचा आवाज चढू लागला, मागून ऑर्गन त्याला हात देऊ लागला. झोपेतही अलॉन्झोला ती चढण कळत होती.

"जग म्हणतं, ऊठ! जग म्हणतं, चाल! पण थकल्याभागल्याला माझा देव—"

"बस म्हणतो!"

अलॉन्झो दचकून जागा झाला. ओरडलं होतं त्याचंच तोंड, तेही रेव्हरंडांची ओळ पुरी होण्याआधी.

रेव्हरंड थांबले नाहीत. "बस म्हणतो!" त्यांनी तेच शब्द उचलले आणि एक सूर वर गेले. त्यांच्या त्या सुरावर पलीकडची बाई चढली, तिच्यावर पुन्हा रेव्हरंड.

आता अलॉन्झो कान देऊन ऐकू लागला. रेव्हरंड गप्प होतील मग आपण बोलू, म्हणून कोणी थांबत नव्हतं. ओळीचं शेपूट लोक पकडत होते, लोकांच्या उत्तराचं शेपूट रेव्हरंड. मोकळी मात्रा कुठे नव्हतीच. बाबांच्या वेळी तरी कुठे होती? जन्मभर मोठमोठ्या सभागृहांत बसून तो परवानगीची वाट बघायला शिकला होता, आणि लिहिताना बाबांच्या माणसांनाही त्याने तसंच हाताची घडी घालून बसवलं होतं. त्याचे डोळे भरून आले. देवा, एवढं साधं मी विसरलो कसा!

"सगळं प्रवचन झोपून काढलंस," बाहेर आल्यावर ताई म्हणाली.

"मधे बोललो की."

"तू घोरतानाही बोलतोस. आईने कितीदा कानात कापूस घातलाय."

ताईकडे मक्याचा पाव आणि शिजवलेली पालेभाजी खाऊन त्याने जेवणाच्या टेबलावरच कागद पसरले. मनगट ठणकत होतं. दोनदा पेन हातातून गळालं.

"पुरे कर, चेहरा बघ कसा झालाय."

"थोडंच राहिलंय, ताई."

"बाबाही हेच म्हणायचे, आणि अख्ख्या चर्चचं जेवण गार व्हायचं." असं म्हणत तिने दिवा त्याच्या जवळ सरकवला.

सोमवारी वादकांपुढे नवी पानं आली. ट्रॉम्बोनवाल्याने हात वर केला. "साहेब, चेलोची ओळ संपायच्या आधीच आम्ही घुसतोय. लिहिण्यात काही चुकलंय का?"

"नाही," मागच्या रांगेतून अलॉन्झो म्हणाला. "घुसा. तो थांबायची वाट बघाल तर तो एकटा पडेल."

पहिल्या खेपेला ते जपून, दबकत आले.

"फार सभ्यपणा झाला," अलॉन्झो म्हणाला. "पुन्हा एकदा घ्या."

दुसऱ्या खेपेला ट्रॉम्बोन सरळ ओळीवर चढला, त्याच्यामागोमाग व्हायोलावाले. चेलोवाल्या बाईने रागाने मागे पाहिलं, गज तारांवर दाबला आणि सगळ्यांच्या वर सूर नेला. ट्रॉम्बोनने तोही पकडला.

कोटाची बटणंसुद्धा न काढता, डोळे मिटून अलॉन्झो खुर्चीत खाली सरकला होता.

"हं," त्याच्या तोंडून निघालं, "सांगा, रेव्हरंड."

हॅल्व्होर्सननी हात न थांबवता मान वळवली. "काही म्हणालात, टिडवेलसाहेब?"

"तुम्हाला नाही," तो डोळे न उघडता म्हणाला. "चालू द्या."