मुक्ताबेनची सही

"हे कुणाबद्दल लिहिलंय, वकीलभाई?" मुक्ताबेननी कागदावर बोट ठेवून विचारलं.

मी काही वकील नाही. पण जेतपूरमध्ये कराची कागदपत्रं करणाऱ्या माणसाला वकीलच म्हणतात, आणि मीही ते कधी नाकारलं नाही.

"तुमच्याबद्दलच. नुसतं लिहायचं म्हणून."

मुक्ताबेनना छपाईच्या कामाची खास माहिती नाही, असं मी त्यात लिहिलं होतं. त्या आणि धीरजलालशेठ, नवराबायकोची साड्या छापायची छोटी कंपनी. अकरा वर्षं कंपनी मुक्ताबेनना पगार देत होती. आता कर खात्याने विचारलं होतं, बायकोकडे या कामाची पदवी किंवा ज्ञान आहे का? नसेल तर तिचा पगार नवऱ्याच्याच उत्पन्नात धरू. मुक्ताबेन चौथी शिकलेल्या. पण त्यांनी अंगठ्याच्या नखावर थेंब वाळवून पाहिल्याशिवाय कारखान्यातला एकही रंग कापडाला लागत नसे.

"मला न्या ना साहेबांपुढे. त्यांच्या डोळ्यांदेखत डाळिंबी रंग बनवून दाखवते."

"तिथे काय जादूचे खेळ चाललेत?" धीरजलाल हसले. "तारखांवर तारखा पडतील. चार पैसे कर जास्त भरू, सुटू एकदाचे. कुठे करू सही, वकीलभाई?"

भांडायचा मलाही कंटाळाच होता. मी जागा दाखवली. मुक्ताबेन फक्त "बरं" म्हणाल्या आणि खाली जाऊन रिक्षात बसल्या.

दिवाळीनंतर लाभपंचमीला कारखाना उघडतो तेव्हा वर्षाचा पहिला रंग त्यांच्या हातचा असतो. मी दरवर्षी पेढ्याला जातो. त्या वर्षी त्या दारातच उभ्या राहिल्या.

"चल ना, कारागीर खोळंबलेत," धीरजलाल म्हणाले.

"ज्याला माहिती आहे त्याला बोलवा, भरतचे बापू."

शेठनी स्वतः रंग कालवला. पहिली साडी शिळ्या चहाच्या रंगाची निघाली. कुणी हसलं नाही. शेठ मान खाली घालून हात पुसत बसले. मुक्ताबेननी ती साडी उचलून पाहिली, मग बांगड्या वर सारून बादलीपाशी बसल्या.

"कापडाचा काय गुन्हा?" त्या म्हणाल्या.

मार्चमध्ये कारखान्याच्या वह्या माझ्याकडे आल्या. मुक्ताबेन रोज कामावर येत होत्या, पण पगाराच्या वहीत त्यांच्या सहीची जागा कोरी होती. त्या कागदानंतरच्या प्रत्येक महिन्याला कोरी.

मी कपाटातून जुन्या वह्या काढल्या. अकरा वर्षांच्या सह्या, मोठ्या, कष्टाने काढलेल्या अक्षरांत. आणि प्रत्येक सहीशेजारी अंगठ्याचा पुसट डाग. कधी डाळिंबी, कधी हळदी, कधी पोपटी. साहेबांना हे पुरलं असतं की नाही, मला ठाऊक नाही. वह्या तेव्हाही माझ्याच कपाटात होत्या. मी उघडून पाहिल्या नव्हत्या.