सगळं घर

स्पीकर यायच्या आधी साउत माझं तोंड उशीने दाबायचा. सियांतार शहरातल्या आमच्या गल्लीत घरांच्या भिंती एकमेकींना चिकटलेल्या, शेजारी कुणी शिंकलं तरी इकडे कळतं. आणि माझा नवरा म्हणजे चर्चच्या गायकमंडळात पहिल्या रांगेत उभा राहणारा मोठा माणूस! त्याच्या बायकोच्या किंकाळ्या लोकांच्या कानावर जाऊन कसं चालेल?

मग माझ्या भावाने हौसेने आमच्याकडे स्पीकर बसवले. मांगिहुतचा धंदाच तो. बाबांच्या कॅसेट, आईच्या कॅसेट, लग्नातली वाजंत्री, चर्चची गाणी, सगळं त्याने किती दिवस खपून एका छोट्या डब्यात भरलं होतं. तो डबा त्याने स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपामागे ठेवला, टीव्हीमागचा राउटर काढून मधल्या दारावर ठोकला आणि मला शेजारी बसवून फोन दाखवायला लागला. आमच्यात भाऊ बहिणीला 'इतो' म्हणतो.

"हे बघ, इतो. पुढची खोली, स्वयंपाकघर, झोपायची खोली, परसदार. आणि खाली हे 'सगळं घर'. हे दाबलं की एकदम सगळीकडे."

"परसदारी कशाला? तिथे डुकरं आहेत."

"त्यांनी काय घोडं मारलंय? ऐकू देत की!"

"आणि फोन बंद पडला तर?"

"फोन नुसता हुकूम सोडतो. गातो तो डबा. एकदा सुरू केलंस की फोन विहिरीत टाक, गाणं थांबायचं नाही."

साउत दारात उभा राहून हसत होता. "लाए, तू माझ्या घराचं चर्च करून टाकलंस," तो म्हणाला. 'लाए' म्हणजे मेहुणा, आणि मेहुण्यापुढे त्याची जीभ नेहमीच मधात बुडवलेली असायची.

गाण्यांच्या यादीत अगदी शेवटी 'आई' असं लिहिलेलं होतं. बाबा गेले तेव्हा त्यांच्या उशाशी बसून आईने केलेला विलाप. अंदुंग. मेलेल्याला हाका मारत, त्याच्याशी भांडत, सुरात रडायचं. आमच्या आईसारखं अंदुंग आख्ख्या सियांतारमध्ये कुणाला यायचं नाही. पण ते जित्या घरात लावत नाहीत. गल्लीत अंदुंग ऐकू आलं की लोक हातातलं काम टाकून निघतात, कारण कुणीतरी गेलेलं असतं.

"हे चुकून लावू नकोस हं," मांगिहुत म्हणाला होता.

त्या आठवड्यापासून उशी पलंगावरच राहिली. साउत आत आला, दाराला कडी घातली आणि 'सगळं घर' दाबलं, की मला कळायचं. गायकमंडळ स्तोत्र उचलायचं, आवाज वाढत वाढत भिंती हादरायच्या आणि त्याचा पट्टा निघायचा. तो पट्टासुद्धा तालावर मारायचा, मेला! बाहेर लोक म्हणायचे, काय भक्तिमान घर आहे. मला त्या सुरांची इतकी किळस आली की चर्चमध्ये ते सुरू झाले की मी माझ्या लेकीला, लास्माला, पाणी पाजायच्या निमित्ताने बाहेर पडायचे.

भावाला का सांगितलं नाही, असं विचाराल. मांगिहुतने एकदा ताडीच्या गुत्त्यात बाबांना शिवी देणाऱ्याचं डोकं कोयत्याने फोडलं होतं. त्यापायी तुरुंगात जाऊन आला होता. माझ्या पाठीवरचा एक वळ त्याने पाहिला असता तर साउत मेला असता आणि मांगिहुत कायमचा आत गेला असता. साउत मेला तर मला काही वाटलं नसतं. भाऊ मला हवा होता. मला असं काही हवं होतं की आख्खी गल्ली एकदम घरात शिरेल आणि कुणाच्या हातात कोयता नसेल. ते काय, हे मात्र सुचत नव्हतं.

त्या रविवारी लास्माला चर्चच्या मुलांच्या वर्गात सोडून आल्यावर जेवणात मीठ जास्त पडलं होतं, किंवा कमी पडलं होतं. साउतने मटणाचं भांडं माझ्या अंगावर फेकलं, 'सगळं घर' दाबलं आणि पट्टा सोडला. पहिला तडाखा कानावर बसला. दुसरा उघड्या हातावर. मी टेबलाखाली शिरले तर त्याने पाय धरून मला बाहेर ओढलं.

आणि एकाएकी गाणं बारीक झालं.

चारी खोल्यांत गायकमंडळ कुजबुजल्यासारखं गायला लागलं. माझी किंकाळी तेवढी स्वच्छ ऐकू आली, मलासुद्धा. टेबलावरचा साउतचा फोन वाजला. त्याने उचलून वाचलं. मांगिहुतचा निरोप होता: 'लाए, किती मोठ्याने! स्पीकर फाटतील. मीच कमी केलाय.'

त्याच्याही फोनवर आमचं घर दिसत होतं! ही गोष्ट मला तेव्हा कळली. साउतलाही.

"तुझा भाऊ माझ्या घरात हुकूम सोडतो?" साउत म्हणाला. "माझ्या घरात?" त्याने फोन माझ्या तोंडावर हाणला. पुढचा दात तुटून जिभेवर आला. मग त्याने माझे केस मुठीत धरून डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, परत एकदा. तो शिव्या घालत नव्हता, ओरडत नव्हता. आज हा मला जिवंत सोडत नाही, हे मला तेव्हा स्पष्ट समजलं.

भाताचं पातेलं चुलीवर होतं. हाताला लागलं तसं मी ते त्याच्यावर उलटलं. गरम पेज मांडीवर पडून तो किंचाळला आणि त्याची मूठ सुटली. फोन जमिनीवर पडला होता. काच तडकली होती, पण दिवा जळत होता. यादीच्या तळाशी गेले. आई. सगळं घर. आवाज पार टोकाला. आणि फोन पाण्याच्या पिंपात टाकला.

आई रडायला लागली.

पुढच्या खोलीतून, माझ्या डोक्यावरून, पलंगापाशी, डुकरांच्या गोठ्यात. 'मला कुणाच्या भरवशावर सोडून निघालात?' साउत जागच्या जागी थिजला. मग पिंपात हात घालून त्याने फोन काढला, झटकला, दाबला. मेलेला. त्याने स्वयंपाकघरातला स्पीकर उपटून फरशीवर फोडला. आई पुढच्या खोलीतून रडत राहिली. तो लंगडत तिकडे धावला, तोही फोडला. आई झोपायच्या खोलीत होती. फुटलेल्या तुकड्यांनी त्याचे पाय कापले, घरभर रक्ताचे ठसे उमटले. गाणारा डबा तांदळाच्या पिंपामागे सुखरूप होता, आणि तो कुठे आहे हे त्याने कधी विचारलंच नव्हतं.

मी सरपटत जाऊन दाराची कडी काढली.

गल्ली आलेलीच होती. बायका खांद्यावर उलोस, आमची विणलेली शाल, टाकून, दोघे पुरुष तर मांडवाची ताडपत्री आणि खुर्च्या घेऊन. सगळ्यांत पुढे शेजारची दुमारिसची आजी. "लास्माच्या आई, कोण गेलं गं?" ती म्हणाली, आणि मग तिला माझं तोंड दिसलं. माझ्यामागे साउत हातात पट्टा घेऊन उभा होता.

तेवढ्यात, आपल्या फोनवर 'आई' लागलेली बघून, मांगिहुत आला. धावत, अनवाणी, रडून लाल झालेला. आमच्यात बाई मेली की तिच्या माहेरचा माणूस तिच्यावर शेवटचं उलोस पांघरतो. ते उलोस त्याने दोन्ही हातांवर धरलं होतं. मयताला येताना कुणी कोयता आणत नाही.

मला उभी बघून तो थांबला. मग माझा चेहरा त्याने नीट पाहिला, पट्टा पाहिला, आणि चुलीजवळच्या सुरीकडे वळला. मी आडवी आले.

"इतो, बाजूला हो."

"उलोस दे मला."

"बाजूला हो म्हणतो ना!"

"लास्माला मामा हवाय. दे इकडे."

त्याने दिलं.

चर्चचे वडीलधारे घसा खाकरून पुढे झाले. "कुणी गेलं नाही, देवाची कृपा. ते उलोस घडी घालून परत न्या. नवराबायकोचं काय ते आपण बसून मिटवू."

"तुमच्या लेकीचं असंच मिटवाल?" दुमारिसची आजी म्हणाली. वडीलधारे मागे सरले.

मी साउतपाशी गेले. एवढ्या लोकांसमोर त्याने पट्टा उचलला नाही. मी उलोस उलगडलं आणि त्याच्या डोक्यावरून अंगभर पांघरलं, जसं मेलेल्याला पांघरतात तसं. तो झुगारून देईल असं मला वाटलं. पण तो भिंतीला टेकून खाली बसला, पांघरलेलाच.

परसदारी आई अजून बाबांना हाका मारत होती. मांगिहुतने खिशातून फोन काढला. "बंद करू?"

"संपू दे," मी म्हटलं.

ताडपत्री आणलेल्या माणसाने सवयीने डोक्यावरची टोपी काढली. मग त्याच्या शेजारच्यानेही काढली.