साहेबांच्या मोबाईलमधले दिवे

ड्रायव्हर या प्राण्याविषयी सुधींद्ररावांचं मत पक्कं होतं. तो डिझेल विकतो, ढाब्यावर लोळतो आणि मालकाला मूर्ख समजतो. हे मत कुठल्या अनुभवातून आलं म्हणाल, तर कुठल्याच नाही. जन्म गेला सरकारी कचेरीत. टेबलासमोर येणाऱ्या प्रत्येकाकडे चष्म्यावरून बघायची सवय तिथं लागली, आणि निवृत्त झाल्यावर गृहस्थांनी एक सहाचाकी ट्रक घेतला तेव्हा ती सवय ट्रकबरोबर आपोआप आली. ट्रक चालवायचं सोडाच, मळमड्डीतल्या घरासमोर स्कूटर स्टँडला लावताना त्यांची त्रेधा उडायची. पण मालक म्हणजे मालक.

ट्रकवर आनंदा होता. अळणावराजवळच्या खेड्यातला, कमी बोलणारा. हुबळीहून कांदा, मिरची भरायची आणि अनमोडचा घाट उतरून मडगावला टाकायची, हे त्याचं काम. पावसाळ्यात त्या घाटात भरदुपारी असं धुकं उतरतं की हेडलाइट लावला तर त्याचाच उजेड उलटून डोळ्यांवर येतो.

"साहेब, बंपरखाली दोन पिवळे दिवे बसवून द्या," आनंदा म्हणाला. "घाटात समोरचं कायबी दिसत न्हाई."

"मग हळू चालव."

"मी हळूच चालवतोय. समोरच्याला मी दिसाय पाहिजे की."

साहेबांनी पेपर उलटला, म्हणजे विषय संपला. मग एक दिवस त्याच घाटात कुणाचा तरी टेंपो कठड्यावर जाऊन आदळल्याची बातमी त्याच पेपरात आली आणि साहेबांना काळजी लागली. ट्रकची.

दिवे बसवायला साहेब जातीनं जुन्या हुबळीत गेले, कारण आनंदाला एकट्याला पाठवलं तर तो आणि वायरमन मिळून त्यांना लुबाडतील याची त्यांना खात्री होती. वायरमन ओंकार बॉनेटमध्ये डोकं घालून उभा होता. त्यानं काड्यापेटीएवढा रिले दाखवून समजावलं, "अण्णा, दिव्यांचा सगळा करंट बटनातून नेला तर बटन जळतं. म्हणून करंट ह्या रिलेतून जातो. बटनानं फक्त रिलेला सांगायचं, लाव नाहीतर बंद कर. बटन बसवतो स्टिअरिंगपाशी."

"बटन गाडीत नको," साहेब म्हणाले.

ओंकारनं डोकं बाहेर काढलं.

साहेबांनी मोबाईल पुढे केला. गाडी कुठे आहे ते घरबसल्या दाखवणारी एक डबी ट्रकमध्ये आधीच होती. त्या डबीला रिले जोडायचा, म्हणजे दिवे साहेबांच्या मोबाईलवरून लागतील आणि मोबाईलवरूनच विझतील. दिवे जळले की डिझेल जळतं. ड्रायव्हरच्या हातात बटन दिलं तर तो दिवाळी करत फिरेल. हे सगळं त्यांनी आनंदाच्या देखत सांगितलं. तो चार हातांवर उभा होता, पण साहेबांच्या लेखी तो ट्रकचाच एक भाग होता, आणि ट्रकसमोर कोण आवाज खाली करतो?

"तसं नको री अण्णा," ओंकार म्हणाला. "दिवा लागतोय गाडी चालवणाऱ्याला."

"तुला काम करायचंय की शिकवायचंय?"

ओंकारनं आनंदाकडे बघितलं, आनंदानं जमिनीकडे. मग ओंकार पुन्हा बॉनेटमध्ये शिरला. दुपारी साहेबांनी मोबाईलवर बोट ठेवलं आणि बंपरखालचे दोन्ही दिवे झगझगीत लागले. गल्लीतली पोरं बघायला जमली. साहेबांना आपण मोठे शास्त्रज्ञ असल्यासारखं वाटलं, आणि ते चहा न पाजता घरी आले.

पुढे काय मजा सांगावी. घाट सुरू व्हायच्या आधी रेंज असते तिथं आनंदा गाडी थांबवायचा आणि फोन करायचा. "साहेब, धुकं हाय. दिवे द्या." साहेब लगेच द्यायचे म्हणता? छे. आधी विचारायचे, खरंच धुकं आहे का, किती आहे, कालच तर लावले होते. मग उपकार केल्यासारखं बोट ठेवायचे. अख्ख्या कचेरीच्या नोकरीत कुणी त्यांच्याकडे इतक्या अजिजीनं काही मागितलं नव्हतं. फोन झाला की ते बायकोकडे बघून म्हणायचे, "दिले."

"गॅसचं बटन शेजारणीच्या घरात ठेवून स्वयंपाक करायला सांगा मला एकदा," विमलाबाई म्हणाल्या. त्यांनी नवऱ्याकडून शहाणपणाची अपेक्षा लग्नाच्या पहिल्या वर्षीच सोडली होती.

घाटात रेंज नसते, त्यामुळे एकदा लावलेले दिवे घाट संपेपर्यंत बंद करता येत नाहीत, हे साहेबांच्या ध्यानात आलं आणि त्यांचा जीव कासावीस झाला. फुकटचे जळतायत की! त्यांनी मोबाईलमधला नकाशा बघितला, घाट उतरायला किती वेळ लागतो ते काढलं आणि तेवढ्या वेळानं ट्रकमधली डबीच दिवे आपोआप विझवील अशी सोय करून ठेवली. तो वेळ कोरड्या रस्त्याचा आहे, धुक्यात लादलेला ट्रक त्याच्या दुप्पट वेळ घेतो, हे त्यांना सुचलं नाही. आनंदाकडून एक तक्रार आली नाही. साहेबांनी त्याचा अर्थ असा लावला की दिव्यांची तशी गरज नव्हतीच, माणूस नुसता चोचले करत होता.

श्रावणात त्यांना डिझेलचा संशय आला आणि स्वतः बरोबर जायचं त्यांनी ठरवलं. मफलर, पाण्याची बाटली आणि मोबाईल घेऊन गडी ट्रकमध्ये चढला. चढला कसला, आनंदानं खालून हात लावला म्हणून पोचला. आनंदानं वाटेत डिझेल विकलं नाही, ढाब्यावर लोळला नाही. साहेब उगाचच निराश झाले.

घाटाच्या तोंडाशी आनंदा म्हणाला, "साहेब, दिवे द्या."

शेजारी बसून मागितल्यावर तर साहेब अधिकच फुलले. त्यांनी बोट ठेवलं आणि वर उपदेश केला की मालकाची वस्तू जपून वापरावी. गाडी धुक्यात शिरली. काचेपलीकडे नुसता पांढरा पडदा आणि बंपरसमोर रस्त्याचा एक पिवळा तुकडा, बस्स. साहेबांचं बोलणं कमी कमी होत थांबलं.

अर्धा घाट झाला होता. वळणावर दिवे विझले.

साहेबांनी ठरवलेला वेळ संपला होता. रस्त्याचा तुकडा गेला, कठडा गेला, डावीकडे दरी आहे की डोंगर तेही कळेना. आणि समोरून, अगदी जवळून, बसचा हॉर्न आला. साहेब मोबाईलवर बोट आपटू लागले. रेंज नव्हती. पडद्यावर एक गोल फिरत होता आणि फिरतच होता.

"आनंदा, कर रे काहीतरी," साहेब म्हणाले. आवाज फाटला होता.

आनंदानं ब्रेक दाबला आणि डावा हात डॅशबोर्डाखाली घातला. टक् असा आवाज झाला आणि दिवे लागले. बसचं तोंड त्या पिवळ्या उजेडात हातभर अंतरावर दिसलं, बसवाल्यानं गाडी बाजूला काढली, आणि ती घासत घासत निघून गेली.

एखाद्यानं हात जोडले असते. साहेबांचा श्वास जागेवर आला आणि पहिलं वाक्य निघालं ते हे: "तिथं बटन आहे?"

"हाय. ओंकारनं पहिल्याच दिवशी बसवलं. ड्रायव्हरपाशी बटन नसलेली गाडी मी दुकानातून सोडत नसतो, म्हणाला."

"म्हणजे इतके दिवस मला फसवत होतास. मग मला फोन कशाला करायचास?"

आनंदाची नजर रस्त्यावरच होती. "तुमाला बरं वाटायचं म्हणून," तो म्हणाला.

हे वाक्य त्यानं टोमण्यात म्हटलं असतं तर साहेबांनी पचवलं असतं. तो घरातल्या म्हाताऱ्या माणसाची समजूत काढावी तसं बोलला. साहेबांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. रोजचं ते 'दिले', ती ऐट, सगळी ह्या माणसानं घातलेली भीक होती.

"उद्यापासून गाडीवर येऊ नकोस," ते ओरडले.

"बरं," आनंदा म्हणाला.

उरलेल्या घाटातून त्यानं गाडी नेहमीसारखीच, एकेक वळण सांभाळून उतरवली. खाली, पायथ्याच्या मोले गावात, धुकं संपलं. त्यानं ट्रक रस्त्याच्या कडेला व्यवस्थित लावला, हँडब्रेक ओढला, सीटमागची पिशवी काढली आणि किल्ली साहेबांच्या मांडीवर ठेवली. हुबळीकडे जाणारी बस समोरच्या थांब्यावर उभी होती.

"अरे, मी उद्यापासून म्हणालो," साहेब म्हणाले. "हा माल मडगावला कोण नेणार? मला गाडी येत नाही, तुला माहीत आहे."

आनंदा खाली उतरला होता. त्यानं वर बघितलं.

"गाडी तुमच्या हातातच हाय की, साहेब."

तो बसमध्ये चढला आणि बस घाटाकडे निघाली. मागे गाडीभर कांद्याच्या गोण्या आणि पुढे सुधींद्रराव, एकटे. खाली उतरायला पायरी कुठे आहे तेही त्यांना दिसेना. मोबाईलला आता भरपूर रेंज होती. ट्रक मोलेच्या थांब्याशी उभा आहे, हे नकाशावर अगदी स्वच्छ दिसत होतं.