अकरा पानांची आवृत्ती

लतीफने फळीवर एकाच कादंबरीच्या तीन प्रती मांडल्या आणि हात झटकले. "घ्या उस्ताद. ही बैरुतची जुनी, ही स्वस्तातली, आणि ही यंदाची नवी. अक्षर टपोरं, तळटिपा, मागे नकाशासुद्धा. आता तरी एक घ्या आणि मला मोकळं करा."

हिकमतने चष्मा पुसला. शुक्रवारची सकाळ होती आणि बगदादच्या सराय बाजाराशेजारची पुस्तकगल्ली माणसांनी फुलली होती. लोक पुस्तक घेताना किंमत बघतात, कागद बघतात. शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवलेला हा गृहस्थ 'नावाड्याचं घर' या कादंबरीची प्रत एका वाक्यावरून पारखणार होता, आणि ते वाक्य तेविसाव्या प्रकरणाच्या शेवटी असायला हवं होतं.

प्रसंग असा. नदीतून दोराने नाव ओढत नेणारा इद्रीस कर्जापायी आपली नाव विकतो आणि रिकाम्या हातांनी घरी येतो. त्याची बायको हसना त्याच्यासमोर मसूरडाळीचं सूप ठेवते आणि म्हणते, "दोराचा वळ अजून खांद्यावर आहे तुझ्या. तो कुणी विकत घेतला का? नाही ना? मग जेव."

एवढंच. पण या शब्दांवर हिकमतने चहाखान्यात अठ्ठावीस वर्षं भाव खाल्ला होता. कुणाची नोकरी गेली, कुणाचं घर गेलं, की हा टेबलावर बोट आपटून हसनाचे शब्द ऐकवायचा. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून यायचे. मग हा स्वतःच लिहिल्यासारखा मागे रेलून बसायचा.

त्याने नवी प्रत उघडली. तेविसावं प्रकरण, शेवटचं पान. कपाळाला आठ्या पडल्या. स्वस्तातली उघडली. तिथेही तेच. "गाळलंय!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला की शेजारच्या दुकानातलं गिऱ्हाईकही वळून बघू लागलं. "लतीफ, या गाढवांनी हसनाचं बोलणं गाळलंय!"

"मग बैरुतची बघा. तिच्यात लेखकाने लिहिलं तसंच असणार. ती पहिली आवृत्ती."

हिकमतने पिवळी पडलेली पानं सावकाश उलटली. इद्रीस घरी येतो. हसना त्याच्या खांद्याकडे बघते. दिवा बारीक करते आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहते. प्रकरण संपलं.

त्याने ते पान तीनदा वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि स्टुलावर बसला. लतीफने न विचारता चहा मागवला.

आता हिकमत असा स्टुलावर का बसला, ते सांगायला हवं. पुढच्या शुक्रवारी चहाखान्यात याच कादंबरीचं वाचन होतं, आणि तेविसावं प्रकरण त्याने हट्टाने स्वतःकडे मागून घेतलं होतं. समोर सब्री बसणार होता. सब्रीचा सगळा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेलेला, आणि निवृत्त झाल्यावरही खिशात लाल पेन बाळगणारा माणूस. नवी आवृत्ती त्याने आदल्याच आठवड्यात वाचून काढली होती आणि म्हणाला होता, "हिकमत, तुझा तो दोराचा वळ मला काही सापडला नाही बुवा." हिकमतने भर चहाखान्यात उत्तर दिलं होतं, "तुझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय."

"उस्ताद, त्यात काय एवढं," लतीफ जवळ वाकून म्हणाला. "सांगून टाका, सरकारने कात्री लावली. आपल्याकडे कशाकशाला लावली नाही? कोण तपासायला जातंय?"

हिकमतने बैरुतची प्रत परत ठेवली, नवी घेतली आणि निघाला. पण घरी जाऊन स्वस्थ बसवेना. कारण ते वाक्य त्याने जिथे वाचलं होतं ती प्रत छापील नव्हतीच.

शहाण्णव साल. देशावरच्या व्यापारी निर्बंधांचे दिवस. साखर नाही म्हणून लोक तोंडात खजुराचा तुकडा धरून चहा पीत. मास्तराच्या महिन्याच्या पगारात अंड्यांचा एक ट्रे येईना. तेव्हा हिकमतने आपल्या पुस्तकांची चार खोकी याच गल्लीच्या फरशीवर मांडून विकली होती. त्यांत त्याची बैरुतची प्रतही गेली. संध्याकाळी पिठाची गोणी खांद्यावर घेऊन तो घरी आला. त्याची बायको बदरिया दारात उभी होती. तिने गोणीकडे बघितलं, रिकाम्या कपाटाकडे बघितलं आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. तिची ती पाठ हिकमत कधी विसरला नाही.

त्याच वर्षी ईदला तिने त्याच्या हातात झेरॉक्सची प्रत ठेवली. तेव्हा नवीन पुस्तकं मिळत नसत. एखादी प्रत कुठून तरी हाती लागे, तिच्या झेरॉक्स निघत आणि गुपचूप हातोहात फिरत. 'नावाड्याचं घर'ची जी मूळ प्रत बगदादच्या हाती लागली तिची अकरा पानं फाटलेली होती, त्यामुळे सगळ्या शहराने ती कादंबरी तेविसाव्या प्रकरणाशिवाय वाचली. एकट्या हिकमतच्या प्रतीत ती अकरा पानं होती, निळ्या शाईत, बदरियाच्या अक्षरात. "नईमाच्या ओळखीतल्या एका बाईंकडे पूर्ण प्रत होती," ती म्हणाली होती. "तिच्यावरून उतरवून घेतलं."

तुम्ही म्हणाल, या गृहस्थाने बैरुतची प्रत विकण्याआधी वाचली नव्हती का? वाचली होती, विशीत, एकदा. पण तेव्हा तो फक्त नदीची पानं वाचायचा. पूर, भोवरे, नावांच्या शर्यती. घरातली पानं तो भराभर उलटायचा. ती पानं बदरिया वाचायची, पुन्हा पुन्हा.

नईमा म्हणजे बदरियाची धाकटी बहीण. शहराच्या आधमिया भागात राहायची; हिकमत तिच्याकडे गेला. दार उघडल्याबरोबर त्याला मुलीच्या नावाने हाक मारत म्हणाली, "या अबू लुबना. तोंड का असं? कुणी मेलं की काय?"

"बाई कोण होती ती?"

"कुठली बाई?"

त्याने झेरॉक्सची प्रत पिशवीतून काढली. येताना घरी जाऊन घेऊन आला होता. नईमाने ती ओळखली. तिने पुढे ठेवलेल्या खजूर भरलेल्या कलीचा बिस्किटांना त्याने हात लावला नाही, तेव्हा तिला कळलं की आता सांगितल्याशिवाय सुटका नाही.

"कुणी बाई नव्हती," ती म्हणाली. "तीन दिवस आम्ही दोघी दारोदार फिरलो. एकीकडे प्रत होती, पण घाबरून नाही म्हणाली. मग बदरिया म्हणाली, जाऊ दे, मला पाठ आहे. इथेच बसली होती, या खिडकीत. दहा पानं सरळ लिहून काढली. शेवटच्या पानावर अडली."

"का?"

"म्हणाली, पुस्तकात हसना काहीच बोलत नाही. मी म्हटलं, मग तसंच लिही की, आपल्या बापाचं काय जातंय?" नईमा हसली आणि हसता हसता ओढणी डोळ्यांना लावली. "तर म्हणाली, नको गं. एक न बोलणारी त्याच्या घरात आहेच."

हिकमत खिडकीकडे बघत राहिला.

"तुम्ही पुस्तकं विकून आलात त्या दिवशी तिला बोलायचं होतं. शब्द फुटला असता तर रडू फुटलं असतं, आणि तुम्हाला रडलेलं खपायचं नाही. म्हणून आत निघून गेली. मग हे लिहिलं. वाटलं, वाचाल तेव्हा कळेल."

कळेल! हिकमतला काय कळलं होतं ते त्याचं त्यालाच ठाऊक. लग्नाच्या बायकोशी जेव्हा जेव्हा भांडण झालं, तेव्हा त्याने हेच पुस्तक तिच्या तोंडावर मारलं होतं. "हसनाकडून शीक जरा! नवरा हरून घरी आला की बायको कशी बोलते ते बघ. नाहीतर तू!" आणि बदरिया, "शिकते हो," एवढं म्हणून ताट वाढायला जायची. एकदा नाही, दोनदा नाही, चांगली सव्वीस वर्षं. तिला जाऊन आता दोन हिवाळे झाले होते. माणूस किती बहिरा असू शकतो, याचं माप हिकमतला त्या दुपारी मिळालं, आणि त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

पुढचा शुक्रवार उजाडला. चहाखाना गच्च भरला होता. सब्री पहिल्याच बाकावर, मांडीवर नवी आवृत्ती उघडून बसला होता. हिकमतच्या एका काखेत तशीच नवी प्रत आणि दुसऱ्या काखेत कापडात गुंडाळलेलं काहीतरी होतं. लतीफ दारातूनच डोळे मिचकावत दोन बोटांनी कात्रीची खूण करत होता.

हिकमतने नवी प्रत उघडली आणि छापलेलं तसं वाचलं. आवाज चांगला लागला. हसनाने दिवा बारीक केला, भिंतीकडे तोंड केलं, प्रकरण संपलं.

"झालं?" सब्रीने विचारलं. "वळ कुठाय? का माझा चष्मा बदलायचाय अजून?"

लोक हसले. कात्रीची गोष्ट हिकमतच्या जिभेवर तयार होती. ती सांगितली असती तर सगळ्यांनी माना हलवल्या असत्या आणि अब्रू शाबूत राहिली असती. त्याने चहाचा घोट घेतला आणि कापड सोडलं.

"चष्मा माझाच बदलायला हवा होता, सब्री. लेखकाने हसनाला बोलायला लावलंच नव्हतं. हे दुसऱ्या कुणी लिहिलंय. अकरा पानांची आवृत्ती आहे. बगदाद, शहाण्णव साल, एकच प्रत."

मग त्याने निळ्या शाईतलं शेवटचं पान वाचायला घेतलं. त्याला ते पाठ होतं, इतरांनाही पाठ होतं. "दोराचा वळ अजून खांद्यावर आहे तुझ्या. तो कुणी विकत घेतला का? नाही ना?" आणि पुढचे दोन शब्द त्याच्याच्याने म्हणवेनात. इतकी वर्षं टेबलावर बोट आपटून जे तो म्हणत आला, ते आज तोंडातून फुटेना.

सब्री उठला. त्याने ते पान हातात घेतलं, आणि सवयीने लाल पेनही खिशातून निघालं. ओळ न् ओळ त्याने वाचली. मग टोपण न काढताच पेन खिशात परत गेलं.

"झेरॉक्स काढून आणतो," तो म्हणाला. "सगळ्यांच्या प्रतींत घालायला. पण वर नाव लागेल. अनामिक मजकूर मी आयुष्यात कधी पास केला नाही. कुणी लिहिलंय?"

चहाखान्यात या माणसांनी आपल्या बायकांची नावं कधी उच्चारली नव्हती. मुलाची नाहीतर मुलीची आई, एवढीच ओळख पुरायची. हिकमतही कधी विषय निघालाच तर 'उम्म लुबना' म्हणायचा. आत्ताही तेच ओठावर आलं. त्याने ते गिळलं.

"बदरिया," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असं, "बदरिया अब्दुल वाहिद. माझी बायको."

सब्रीने नाव लिहून घेतलं, हिज्जे विचारले, झेरॉक्स काढून आणल्या आणि पान हिकमतच्या हातात परत दिलं.

हिकमतने नवी प्रत चहाखान्यातल्याच फळीवर ठेवून दिली. अक्षर टपोरं होतं, कुणाला तरी उपयोगी पडली असती. दुपारी तो घरी आला. नईमाने पाठवलेलं मसूरडाळीचं सूप त्याने गरम केलं, एका वाडग्यात वाढून घेतलं आणि निळ्या शाईतलं शेवटचं पान समोर ठेवून बसला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"जेवतो गं," तो म्हणाला, आणि पहिला घास घेतला.