पितृपक्षात अडलेला दावा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण वैजयंतीच्या नवऱ्याला, शशिधरला, ती चढायचीच होती. लंडनमध्ये हाउन्सलोजवळच्या कार्गो गोदामात तो वर्षानुवर्षं राबला. सुपरवायझरने सगळ्यांदेखत त्याच्या इंग्रजीची नक्कल केली, त्याने तक्रार केली, आणि जूनमध्ये त्यालाच घरी बसवलं. त्याला भरपाईचं काही पडलं नव्हतं. "हे चुकीचं झालं" एवढं न्यायाच्या खुर्चीवरच्या कुणीतरी म्हणावं, यात त्याचा जीव अडकला होता.

वकील परवडणारा नव्हता, म्हणून तोच लायब्ररीत बसून नियम वाचू लागला. आधी समेट घडवणाऱ्या सरकारी संस्थेला कळवायचं, तिचा दाखला घ्यायचा, मगच ट्रायब्युनलकडे, म्हणजे नोकरीच्या तंट्यांच्या कोर्टाकडे, दावा करायचा. आणि ते पहिलं कळवणं नोकरी गेल्यापासून तीन महिन्यांच्या आत. सप्टेंबरात सगळं तयार झालं, फक्त त्या संस्थेला ऑनलाइन कळवण्याचं बटण दाबायचं उरलं.

तिथे वैजयंती आडवी आली. पितृपक्ष लागला होता. तिच्या माहेरी त्या दिवसांत कुणी साधी चप्पलही घेत नसे, आणि इथे तर नवऱ्याच्या अब्रूचं काम! घटस्थापनेला पाठवा, यश येईल, असं तिने बजावलं. मुदत त्याआधीच संपत होती आणि तिला ते माहीत होतं. पण चार दिवसांनी काय आभाळ कोसळतंय, असं तिला वाटलं. काढून टाकल्याविरुद्ध गोदामाच्या साहेबांकडे केलेलं अपील अजून चालू आहे, तेवढं सांभाळून घेतील, अशी त्याचीही समजूत. शिवाय बायकोचा शब्द मोडणं त्याला कधी जमलंच नाही.

पुढे सुनावणी लागली ती फक्त उशीर का झाला, एवढ्यावर. न्यायाधीशबाई वाईट नव्हत्या. योग्य वाटलं तर मुदत वाढवता येते, आजारपण असो, गैरसमज असो, घरातलं काही असो, नीट आठवून सांगा, असं त्यांनी दोनदा समजावलं. वैजयंती मागेच बसली होती. सांगा ना, माझं नाव घ्या, असं ती मनातल्या मनात विनवत होती.

शशिधर उभा राहिला. माझाच निष्काळजीपणा, दुसरं कारण नाही, असं तो म्हणाला. दावा तिथेच संपला. नक्कल कशी केली, हे त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

परतीच्या बसमध्ये तिला रडू आवरेना.

"अहो, खरं का नाही सांगितलंत?"

त्याने खिडकीबाहेर बघतच उत्तर दिलं.

"सांगितलं असतं तर हसले असते, वैजू. मला हसले ते मी सोसलं. तुला हसलेलं नसतं सोसलं."

त्याने चारचौघांत तिला वाट्टेल ते बोलून घेतलं असतं, तरी तिला इतकं लागलं नसतं.