बारवेतल्या बाईचा फोटो

धारूरजवळच्या माझ्या आजोळी एक बारव आहे. तिच्या तळच्या पायरीवर झोका घेणारी दगडी बाई कोरलेली आहे, असं माझी आई केसरबाई जन्मभर गात आली :

माझ्या माहेराची बारव, तळी दगडाची बाई
झोक्यावरी उभी तिला, खाली उतरणं न्हाई

लहानपणी एकदाच बारव आटली, तेव्हा आईनं त्या बाईच्या गालावरून हात फिरवला होता. नंतर पाणी काही इतकं खाली गेलं नाही, आणि तेव्हा बाई पाहिलेलं दुसरं कुणी उरलं नाही. मोहनमामा भर पंगतीत म्हणायचे, "आमच्या अक्काला सपान पडलतं!" सगळे हसायचे, आईसुद्धा. पण तिच्या हातातला घास हातातच राहायचा.

मी तेलगावात लग्नांचे फोटो काढतो. मी छाती पुढे काढून म्हणालो, "आई, फोटोच आणतो." मला पोहता येत नाही, ही बारीकशी गोष्ट तेव्हा आठवली नाही.

पाण्याखालच्या फोटोंचे व्हिडिओ पाहून पाहून मी पंडित झालो. आधी हाउसिंग, म्हणजे पाणी न शिरणारी पेटी निवडायची, मग तिच्यात बसणारा कॅमेरा.

"म्हंजे आधी पाळणा, मग त्याच्या मापाचं लेकरू," बायको सत्यशीला म्हणाली.

लग्नाच्या कॅमेऱ्याची पेटी कॅमेऱ्याहून महाग निघाली. शेवटी एक जुना, खिशात मावणारा कॅमेरा पेटीसकट मिळाला. पेटीच्या तोंडाला रबराची कडी. "हिच्यात एक केस अडकला तरी पाणी शिरतं!" मी घरभर सांगत सुटलो. मांजराला अंगणात हाकललं.

"आवं, आधी रिकामी पेटी बुडवून बघा की."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

बारवेवर गेल्यावर मात्र पूजा हवीच. नवी वस्तू मी पूजेशिवाय वापरत नाही. पेटी उघडून नारळ फोडला, कॅमेऱ्याला कुंकू लावलं, चिमूटभर पेटीलाही, आणि खटकन झाकण लावलं.

मामांनी पोहायला शिकणाऱ्या पोरांना बांधतात तसा माझ्या पाठीला रिकामा डबा बांधला. मी पाण्यात उतरलो तो बुचासारखा वरच.

"आरं भाच्या, बाई खाली हाय, आभाळात न्हाई!"

अखेर कॅमेरा आपोआप फोटो काढत राहील असा लावला, पेटीला वीट बांधली आणि आईनं काठावरून बोट दाखवलं तिथं वेळूच्या काठीनं खाली सोडली.

वर आली तेव्हा पेटीत लाल पाणी डुचमळत होतं. केसाला जपणाऱ्या मी रबराच्या कडीवरच कुंकू सांडलं होतं. कॅमेरा गेला. कार्ड तेवढं वाचलं.

माझ्या फोटोच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर नुसतंच हिरवं, गढूळ काहीतरी सरकू लागलं. मामा खाकरले. आई पदराचं टोक चाळवत बसली. शेवटी शेवटी एक फोटो आला. झोक्याची साखळी, ती धरलेला हात, चेहरा, आणि पेटीत विरघळलेल्या कुंकवाचा लाल ओघळ नेमका तिच्या कपाळावर.

मामांनी टोपी काढली. "अक्का... हाय की गं."

आईनं काचेवरूनच तिच्या गालावर हात फिरवला. "इतकी वर्सं मोकळ्या कपाळानं उभी व्हती बिचारी. माझ्या लेकानं कुकू लावलं."

मी मान अशी हलवली, जणू सगळं ठरवूनच केलं होतं. सत्यशीला कोपऱ्यात रबराची कडी पुसत होती. खांदे तेवढे हसत होते तिचे.